सातबारा डाऊनलोड झाला, पण गेला कुठे? समजून घ्या ‘फोल्डर व्ह्यू’चे गणित

डिजिटल सहीचा सातबारा काढायला १५ रुपये शुल्क लागते आणि काम काही मिनिटांत होते. पण तोच सातबारा दोन दिवसांनी कर्जाच्या फाइलला जोडायचा झाला, की संगणकात शोधाशोध सुरू होते. ‘डाऊनलोड्स’ उघडले तर सगळीकडे एकसारखी चित्रे आणि इंग्रजी अक्षर-अंकांची लांबलचक नावे. शेवटी पुन्हा १५ रुपये भरून नवा उतारा काढला जातो.

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव राज्याला माहीत आहे ते मारुतीसमोर फुटणाऱ्या प्रचाराच्या नारळामुळे. निवडणूक संपली की गावाचा कारभार पुन्हा कागदांवर येतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा. हे सगळे कागद आता फाइल झाले आहेत. त्यामुळे फाइल कशी दिसते, हा प्रश्न कन्हेरीतही तितकाच महत्त्वाचा आहे जितका पुण्यातल्या आयटी कंपनीत. त्याचे उत्तर संगणकातच आहे. त्याला म्हणतात ‘फोल्डर व्ह्यू’.

फोल्डर व्ह्यू म्हणजे काय?

फाइल जिथे आहे तिथेच राहते. ती पडद्यावर कशी मांडून दाखवायची, एवढेच व्ह्यू ठरवतो. घरातल्या कागदपत्रांची पिशवी जमिनीवर उलटी केली की प्रत्येक कागद चित्रासारखा दिसतो. तेच कागद वहीत नाव, तारीख लिहून नोंदवले की यादी होते. कागद तेच, पाहण्याची पद्धत वेगळी.

१९८४ मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला तेव्हाही त्यात फाइली चित्ररूपात किंवा यादीत पाहण्याची सोय होती. विंडोज ९५ मध्ये मोठी चित्रे, लहान चित्रे, यादी आणि तपशील असे चार पर्याय मिळाले. आजच्या विंडोजमध्ये ते आठ झाले आहेत. तरी बहुतेक जण संगणक जो व्ह्यू दाखवेल त्यावरच वर्षानुवर्षे काम करतात.

विंडोजमध्ये कोणते पर्याय?

फोल्डर उघडून कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवा आणि १ ते ८ पैकी आकडा दाबा. व्ह्यू लगेच बदलतो.

• १ ते ४ : एक्स्ट्रा लार्ज, लार्ज, मीडियम आणि स्मॉल आयकॉन. पहिल्या तिन्हींत फोटो उघडण्याआधीच आत काय आहे ते दिसते. लग्नाचे किंवा पिकाच्या नुकसानीचे फोटो निवडताना हे उत्तम.

• ५ : लिस्ट. फक्त नावे. एका पडद्यावर जास्तीत जास्त फाइली मावतात. नाव पाठ असेल तरच उपयोग.

• ६ : डिटेल्स. नाव, तारीख, प्रकार आणि आकार असे रकाने. कागदपत्रांच्या कामासाठी सर्वांत उपयोगी.

• ७ आणि ८ : टाइल्स आणि कंटेंट. चित्र आणि थोडी माहिती एकत्र. फाइली कमी असतील तर ठीक.

कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले तरी हे पर्याय एकामागून एक बदलतात. अनेकदा चुकून चाक फिरते आणि ‘फोल्डर अचानक वेगळाच दिसतोय’ अशी तक्रार सुरू होते. फाइली कुठेही गेलेल्या नसतात, फक्त व्ह्यू बदललेला असतो.

मॅक आणि लिनक्समध्ये काय?

मॅकच्या फाइंडरमध्ये चार व्ह्यू आहेत : आयकॉन, लिस्ट, कॉलम आणि गॅलरी. कमांड दाबून १ ते ४ आकडे दाबले की ते बदलतात. त्यातील कॉलम व्ह्यू वेगळा आहे. फोल्डरच्या आत फोल्डर उघडत गेले तरी मागचा रस्ता डावीकडे दिसत राहतो. ‘शेती’, त्यात ‘गट नंबर’, त्यात ‘२०२५’ अशी मांडणी असेल तर वाट चुकत नाही. शिवाय फाइलवर एकदा टिचकी मारून स्पेसबार दाबला की ती न उघडता पाहता येते.

लिनक्समध्ये ज्या फाइल मॅनेजरवर काम करता त्यावर पर्याय ठरतात. ग्नोमच्या ‘फाइल्स’मध्ये ग्रिड आणि लिस्ट असे दोनच पर्याय आहेत. केडीईच्या ‘डॉल्फिन’मध्ये आयकॉन, कॉम्पॅक्ट आणि डिटेल्स असे तीन आहेत. डॉल्फिनमध्ये एफ३ दाबले की एकाच खिडकीत दोन फोल्डर शेजारी-शेजारी उघडतात. पेनड्राइव्हमधून फाइली उतरवून घेताना याने बरेच श्रम वाचतात.

कोणी पर्याय वाढवले, कोणी कमी ठेवले. पण चित्र आणि यादी या दोन पद्धती सगळीकडे आहेत.

मग हरवलेला सातबारा कसा शोधायचा?

डिटेल्स व्ह्यू लावा आणि ‘डेट मॉडिफाइड’ या रकान्याच्या नावावर टिचकी मारा. नवी फाइल सर्वांत वर आली नाही, तर पुन्हा एकदा मारा. आज डाऊनलोड केलेला कागद बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन ओळींत सापडतो.

इथे एक गफलत होते. पेनड्राइव्हमधून कॉपी केलेल्या फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख जुनीच राहते. त्यामुळे ती वर न येता यादीच्या तळाशी जाते आणि कॉपी झालीच नाही असे वाटते. अशा वेळी रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘डेट क्रिएटेड’ हा रकाना घ्या. फाइल या संगणकावर कधी आली, ते त्यात कळते.

आकाराचा रकानाही कामाचा आहे. ऑनलाइन अर्जात फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत मागतात. शेवटच्या दिवशी अर्ज अडकतो तो अनेकदा याच अटीवर. चित्ररूपातल्या व्ह्यूमध्ये ४० केबीचा आणि ४ एमबीचा फोटो सारखाच दिसतो. डिटेल्समध्ये फरक लगेच कळतो.

नावाच्या शेवटी काय दडले आहे?

विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवून ठेवते. समजा एखाद्याने धोकादायक फाइलचे नाव ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असे ठेवले. शेवटचे शेपूट लपल्यामुळे पडद्यावर फक्त ‘बिल.पीडीएफ’ दिसते. चिन्हही पीडीएफसारखे लावता येते. विश्वासाने उघडले की प्रोग्राम चालू होतो.

मोबाइलवर हाच डाव ‘.एपीके’ फाइलने खेळला जातो. आरटीओचे चलान किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अशा फाइलींबद्दल पोलिसांनी वारंवार सावध केले आहे. चलान किंवा यादी ही पीडीएफ असू शकते, ॲप नव्हे.

विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा. विंडोज १० मध्ये हाच पर्याय वरच्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये आहे. हे एकदाच करायचे आहे.

खरा प्रश्न : पडदा कोणाकोणाला दिसतो?

घरच्या संगणकावर व्ह्यू हा आवडीचा भाग आहे. सेवा केंद्रात, सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात तो गोपनीयतेचा प्रश्न होतो.

दिवसभरात अनेक जण येतात. प्रत्येकाचे आधार, पॅन, पासबुक स्कॅन होते आणि एकाच फोल्डरमध्ये साठते. त्या फोल्डरला लार्ज आयकॉन व्ह्यू असेल, तर नंतर आलेल्या ग्राहकाला आधीच्यांची कार्डे पडद्यावर जवळजवळ वाचता येतील अशी दिसतात. त्यासाठी हॅकर लागत नाही, समोरच्या खुर्चीवर बसणे पुरते. पासवर्ड असलेल्या ई-आधारच्या पीडीएफची झलक सहसा दिसत नाही. फोटो काढून किंवा स्कॅन करून ठेवलेल्या आधारला मात्र कोणतेच कुलूप नसते.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू विभागीय कार्यालयाने सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाऊनलोड करणे टाळा आणि केल्यास सर्व प्रती कायमच्या पुसा, असा सल्ला दिला होता. त्या पत्रकाचा चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतले गेले आणि नेहमीची सावधगिरी बाळगा, असे सांगण्यात आले. पुढे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमत झाला. काम संपल्यावर दुसऱ्याची माहिती विनाकारण साठवून ठेवू नये, हे त्याचे एक मुख्य तत्त्व आहे.

कायदा दिल्लीत होतो, त्याची परीक्षा मात्र गावातल्या टेबलावरच्या पडद्यावर होते. म्हणून केंद्रचालकांनी तीन गोष्टी आजपासून कराव्यात. ग्राहकांच्या फाइलींच्या फोल्डरला डिटेल्स व्ह्यू ठेवावा. उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन बंद ठेवावा, तो ऑल्ट आणि पी दाबून बंद-चालू होतो. आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी दिवसभराचे स्कॅन शिफ्ट आणि डिलीट दाबून पुसावेत. नुसते डिलीट केले तर फाइल रिसायकल बिनमध्ये पडून राहते.

व्ह्यू बदलल्याने फाइल सुरक्षित होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. डिटेल्समध्ये चित्र दिसत नाही, पण नाव दिसते आणि फाइल उघडताही येते. व्ह्यू हा पडदा आहे, कुलूप नव्हे. खरे काम पुसण्याचेच.

ग्राहकाने काय करावे?

पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार द्या. काम झाल्यावर ‘माझी फाइल पुसा’ असे स्पष्ट सांगा आणि पुसल्याचे डोळ्यांनी पाहा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. झेरॉक्स काढल्यावर काचेवर राहिलेला मूळ कागद आपण आठवणीने उचलतोच.

आणि स्वतःच्या फाइलला डाऊनलोड होताच नाव द्या. ‘२०२५-०६-१४ सातबारा’ असे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिले, तर नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. मोबाइलवरही हीच पद्धत चालते. पुढच्या वेळी सातबारा लागेल तेव्हा तो कोणत्याही व्ह्यूमध्ये सापडेल आणि १५ रुपयेही वाचतील.