मंजुरीपत्राच्या पहिल्या पानावर हप्ता छापा

मा. अध्यक्ष व पदाधिकारी,
इंडियन बँक्स असोसिएशन, मुंबई



मी सांगलीत करसल्लागार आहे. परदेशी एमबीएला निघालेल्या मुलांचे आईवडील दर उन्हाळ्यात बँकेचे शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र घेऊन माझ्याकडे येतात. पत्र इंग्रजीत असते. त्यात तारण फ्लॅटच्या चतुःसीमा असतात, जामीनदारांच्या अटी असतात. मात्र मूल कमवायला लागल्यावर महिन्याला किती भरायचे, हा आकडा अनेक पत्रांत मला शोधूनही सापडत नाही. फ्लॅट आईच्याही नावावर असल्याने तिची सही घेतलेली असते. कर्ज किती, असे विचारले की ती "पन्नास लाख" म्हणते.

पन्नास लाखांचा हिशेब एकदा मांडूनच पाहू. व्याज 11 टक्के, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दरवर्षी 25 लाखांची उचल, शिक्षण संपल्यावर हप्त्यातून एक वर्षाची सवलत. या तीन वर्षांत सरळव्याजानेच 13 लाख 75 हजार चढतात. परतफेड सुरू होते ती पावणेचौसष्ट लाखांवर. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे 88 हजार, आणि एकूण भरणा एक कोटी पाच लाखांच्या वर. मुदत 15 वर्षे केली तर हप्ता 72 हजारांच्या आसपास येतो, पण भरणा एक कोटी तीस लाखांवर जातो. नोकरी डॉलरमध्ये मिळाली तर हे झेपेल. मूल परत येऊन पुण्यात नोकरीला लागले, तर पगारातला मोठा वाटा इथेच संपेल.

याच घराने शिक्षण चालू असताना आणि सवलतीच्या वर्षातही दरमहा व्याज भरले, तर पुढचा दहा वर्षांचा हप्ता 69 हजारांवर थांबतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला सुमारे 23 हजार लागतात, दुसऱ्या उचलीनंतर 46 हजार. दोघेही नोकरीत असलेल्या घराला निदान पहिला टप्पा झेपण्यासारखा असतो. असे व्याज भरणाऱ्याला एक टक्का सूट देण्याची मुभा तर आपल्याच आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. ते सही करण्याआधी किती जणांना सांगितले जाते? व्याजावरची करवजावटही फक्त जुन्या कररचनेत मिळते आणि आठच वर्षे मिळते. तेही मी सांगेपर्यंत बहुतेकांना ठाऊक नसते.

त्यात रुपया. 2022 च्या जानेवारीत डॉलर 75 च्या आसपास होता, ऑक्टोबरात 83 वर गेला. म्हणजे 40 हजार डॉलरची फी तीस लाखांवरून तेहेतीस लाखांच्या पुढे गेली. कर्ज रुपयांत मंजूर होते, फी डॉलरमध्ये भरायची असते. दुसऱ्या वर्षी पडलेला खड्डा मग सोने गहाण ठेवून बुजवावा लागतो.

हप्त्याचा आणि रुपयाचा हा हिशेब कुणी सांगत नाही, याचे कारण मला स्पष्ट दिसते. आपली योजना 2001 ची. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तिने तारणाशी बांधले. फ्लॅट हातात आल्यावर मुलगी कोणत्या संस्थेत जाते, तिथून नोकरी मिळते का, हे बँकेने कशासाठी तपासावे? अमेरिकेत एमबीएनंतर कामासाठी साधारण 12 महिने मिळतात. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातला असेल तर आणखी 24. परतफेडीच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा आहे, पण अर्जात त्यासाठी रकाना मला कधी दिसला नाही. काही बँका निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज देतात, म्हणजे संस्था पाहून निर्णय घेता येतो हे त्यांना माहीत आहे.

शेतकऱ्याच्या मुलाची वाट त्याहून अवघड. थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला थेट विकू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने पाच एकर बागायतीचा सातबारा बँकेच्या उपयोगाचा नसतो. मग तो जादा व्याजाच्या वित्तसंस्थेकडे वळतो. स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्या शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून चालतील, असे परिपत्रक आपण सदस्य बँकांना काढू शकता.

आणि एक पान. मंजुरीपत्राचे पहिलेच, मराठीत किंवा अर्जदाराच्या भाषेत. त्यावर चार आकडे: सवलतीअखेरची थकबाकी, हप्ता, एकूण भरणा, आणि रुपया दहा टक्के घसरला तर वाढणारी रक्कम. सहकर्जदार आईवडिलांची पहिली सही त्या पानावर घ्यावी. पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू होण्याआधी हे झाले, तर हजारो घरांना डोळे उघडे ठेवून सही करता येईल.

आपला नम्र,
एक करसल्लागार, सांगली