बदल कोणता, बिघाड कोणता?

“गर्भारपणात असे व्हायचेच” हे वाक्य घराघरांत ऐकू येते. पाय सुजले, दम लागला, छातीत जळजळले, डोके दुखले, की वडीलधाऱ्या स्त्रिया याच वाक्याने सुनेची समजूत घालतात. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही असते. अडचण एवढीच की, शरीराचा स्वाभाविक बदल आणि गंभीर विकाराची सुरुवात बाहेरून पुष्कळदा सारखीच दिसते. त्यांतील भेद नुसत्या डोळ्यांना नव्हे, तर नियमित मोजमापाला कळतो.

एरवी साधारण ६० ते ७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय प्रसूतीच्या सुमारास एक किलोच्या आसपास जाते. शरीरातील रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ते खेळवण्यासाठी हृदयाला अधिक श्रम पडतात. जिना चढताना दम लागतो तो यामुळे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्नमार्गाचे स्नायू सैलावतात, म्हणून बद्धकोष्ठता आणि जळजळ होते. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून परतणाऱ्या रक्ताला अडवतो, म्हणून संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. हे सारे बदल आहेत. यांत बिघाड नाही.

आता रक्ताचेच पाहावे. तांबड्या पेशी वाढतात, परंतु रक्तातील द्रव त्यांहून अधिक वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक असते. ते ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर मात्र साधारणपणे त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. सुखवस्तू घरेही याला अपवाद नाहीत. शाकाहारातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते आणि चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांत तोही एक स्रोत घटतो. म्हणून लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. त्यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा उपयोगी पडतो. चहा मात्र गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावा. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते, तेव्हा त्याचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. रक्त आधीच कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसत नाही, हे यामागचे खरे कारण आहे.

साखरेचेही तसेच. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. ज्या स्त्रीचे शरीर हा वाढता भार पेलू शकत नाही, तिला गर्भारपणातील मधुमेह होतो. पण बहुधा त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणून पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० किंवा अधिक आली, तर आहाराचे वेळापत्रक बदलावे लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत रात्रीचे उपाशी अंतर मोठे असते. विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर ही गोष्ट आणि उपवासाचा विचार डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावा.

सर्वांत फसवा असतो तो रक्तदाब. गर्भारपणाच्या मध्यावर तो एरवीपेक्षा थोडा उतरतो आणि शेवटी पूर्ववत होतो. परंतु २० आठवड्यांनंतर तो १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्शिया असतो. त्यातून मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू यांना इजा होऊ शकते आणि झटकेही येऊ शकतात. मॅग्नेशियम सल्फेटने या झटक्यांचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिले. मात्र ते इंजेक्शन रुग्णालयातच देता येते. त्यासाठी रुग्ण तेथे वेळेत पोहोचावा लागतो.

नेमक्या याच काळात आपल्याकडे एक गोष्ट घडते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. गाव बदलते, डॉक्टर बदलतात. साड्या, दागिने, खाऊचे डबे आठवणीने बरोबर जातात; तपासणीची फाइल कधीकधी सासरच्या कपाटातच राहते. नव्या डॉक्टरांपुढे मग एकच आकडा असतो. एका दिवसाची शिल्लक पाहून खात्याची स्थिती समजत नाही, त्यासाठी मागील नोंदी लागतात. जिचा रक्तदाब सहा महिने १००/६० होता, तिचा १३०/८५ मर्यादेत असला तरी अधिक लक्ष मागतो. मूळ फाइल गर्भवतीबरोबर जावी आणि प्रत दोन्ही घरी असावी, एवढी दक्षता कोणतेही कुटुंब घेऊ शकते.

काही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली तीव्र वेदना, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, एकाच पायाला दुखरी सूज, रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. तळहात-तळपायांना तीव्र खाज सुटली, तर तीही डॉक्टरांना सांगावी. त्यामागे यकृताचा विकार असू शकतो.

दुकानातील, गोदामातील कामगारांच्या घरीही गर्भवती असतात. २०१६पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत त्यांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी त्यांना भरपगारी सवड द्यावी.

आणि बाळ झाले म्हणजे धोका संपला असेही नाही. झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. घर बारशाच्या तयारीत असताना बाळंतिणीने “डोके फार दुखते” असे म्हटले, तर ते जागरणामुळे असेल, असे गृहीत धरू नये. आधी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा.