हँडलला अडकवलेले हेल्मेट

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात पहाटेपासूनच दुचाकींची वर्दळ सुरू होते. दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेले शेतकरी, हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे धावणारे बागायतदार, घोडेगाव-जुन्नरच्या महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली, चाकणच्या कारखान्यांत पाळी गाठायला निघालेले कामगार. यांतल्या अनेकांकडे हेल्मेट असते, पण ते डोक्यावर नसते. आरशाला, हँडलला किंवा मागच्या कॅरिअरला ते अडकवलेले असते आणि पुढे पोलीस दिसले तरच डोक्यावर चढते.

याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हेल्मेट न घालणाऱ्याला कारण विचारले, तर ठरलेली उत्तरे येतात. घाम येतो. कपाळ ठणकते. मान अवघडते. आजूबाजूचे ऐकू येत नाही. आणि शेवटचे, इथेच तर जायचे आहे. यांतले शेवटचे उत्तर सोडले, तर बाकीच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा चुकीच्या निवडीत असते. पोलिसांसाठी घेतलेले हेल्मेट किंमत पाहून घेतले जाते. डोक्यासाठी घ्यायचे हेल्मेट माप पाहून घ्यावे लागते. जे बोचते ते डोक्यावर टिकत नाही, आणि जे डोक्यावर नाही ते वाचवू शकत नाही. म्हणूनच हेल्मेटचा आरामदायीपणा हा चैनीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाच भाग आहे.

प्रश्न किती गंभीर आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारीच सांगते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत मृत्यू पावलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. त्यांत १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. दुसरीकडे, जगभरातील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढ्या कमी खर्चात एवढे संरक्षण देणारी साधने आरोग्याच्या क्षेत्रातही थोडीच आहेत.

हे संरक्षण नेमके कसे मिळते, ते कळले की निवड सोपी होते. दुचाकीवरील माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी नुसती कलंडली आणि तेवढ्या उंचीवरून डोके खाली आले, तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. डांबर दबत नाही. त्यामुळे तो सगळा वेग दोन-तीन मिलिमीटरांत शून्यावर येतो. तीन मिलिमीटर धरले तर डोक्यावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे ५०० पट होतो. थांबण्यासाठी तीनऐवजी २५ मिलिमीटर मिळाले, तर हाच जोर साधारण ६० पटींवर उतरतो. हेल्मेट आपल्याला विकत देते ते हे अंतर.

ते अंतर बाहेरचे चकचकीत कवच देत नाही. कवच आघात पसरवते आणि टोकदार दगड आत शिरू देत नाही. खरे काम करतो तो त्याच्या आतला टणक थर्माकोलचा थर. आघात होताच तो चुरडतो आणि चुरडताना धक्का स्वतःत जिरवतो. कवटीच्या आत मेंदू मऊ असतो आणि द्रवात तरंगत असतो. डोके अचानक थांबले तरी मेंदू पुढे सरकतो, कवटीवर आदळतो, रक्तवाहिन्या फाटतात. वरून खरचटलेलेही नसताना, बोलत-चालत असलेला माणूस काही तासांनी ग्लानीत जातो तो आतल्या रक्तस्रावामुळे. ज्या हेल्मेटमध्ये थर्माकोलचा जाड थर नाही, नुसते स्पंज आणि कापड आहे, ते दिसायला हेल्मेट असले तरी कामाला टोपीच आहे. बांधकामावरचे पिवळे हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. रस्त्यावर आदळण्यासाठी ते बनवलेलेच नसते.

म्हणून पहिली तपासणी आयएसआय चिन्हाची. दुचाकीच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक आयएस ४१५१ हे आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेट विकली जातात आणि काहींवर खोटे चिन्हही चिकटवलेले असते. खऱ्या चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की कंपनीचे नाव दिसते. दुकानातच हे पाहून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी निवड प्रकाराची. हनुवटीसह सगळा चेहरा झाकणारे हेल्मेट सर्वांत सुरक्षित. पुढे उघडे असलेले हेल्मेट हवेशीर वाटते. पण दुचाकीस्वार अनेकदा तोंडावर पडतो आणि तेव्हा जबडा, दात व नाक यांना काहीच आडोसा राहत नाही. हनुवटीचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट वारंवार थांबून बोलावे लागणाऱ्यांना सोयीचे पडते. मात्र गाडी चालवताना तो भाग खाली लावलेलाच हवा.

तिसरी आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे माप. भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेटच्या आत ५८०, ६०० असे आकडे असतात. तो हा घेर मिलिमीटरमध्ये असतो. कंपनीनुसार फरक पडतो, म्हणून आकड्यावर न थांबता हेल्मेट घालून पाहावे. नवे हेल्मेट गालांना घट्ट दाबणारे असावे. आतली गादी वापराने थोडी बसते आणि मग ते बरोबर होते. कपाळावर मात्र एकाच जागी दाब जाणवता कामा नये. दहा-पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवून मग काढावे. कपाळावर लाल वळ उठला असेल, तर घेर बरोबर असूनही त्या हेल्मेटचा आकार त्या डोक्याचा नाही. काहींचे डोके लांबट असते, काहींचे गोल. कपाळ ठणकण्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

त्यानंतर हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवावे. त्याबरोबर गालांची कातडी सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते मोठे आहे. मग पट्टा लावून मागची कड वर-पुढे ढकलावी. ते डोक्यावरून निघून आले, तर अपघातातही निघून जाणार. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये एक-दोन बोटे जातील, एवढीच सैल जागा असावी. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके आदळण्याआधीच उडून जाऊ शकते.

आता घामाचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये मंचरच्या चौकात हेल्मेट घालून उभे राहणे सोपे नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. पुढून हवा घेऊन मागून सोडणारी छिद्रे असलेले, फिकट रंगाचे आणि आतली गादी काढून धुता येणारे हेल्मेट आपल्याकडच्या हवेला योग्य. घाम टिपायला आतून पातळ सुती टोपी चालते. मात्र जाड उपरणे किंवा पंचा गुंडाळून वर हेल्मेट चढवले, तर त्याचे माप बिघडते. गांधी टोपी घालणाऱ्यांनी ती घडी करून खिशात ठेवावी. हेल्मेटखाली तिची कड कपाळाला रुतते. उंच अंबाडा असेल तर हेल्मेट वर उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. त्याऐवजी मानेपाशी सैल वेणी बरी. चष्मा असणाऱ्यांनी तो लावूनच हेल्मेट पारखावे. आणि मान अवघडत असेल तर वजनाबरोबर सैलपणाही तपासावा, कारण वाऱ्याने हलणारे हेल्मेट मानेला अधिक थकवते.

ऐकू येत नाही, या तक्रारीला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या १९८१ च्या अहवालात, हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज किंवा समोरचे दृश्य चुकते, असे आढळले नाही.

काचेचा विचार मात्र या भागात वेगळा करायला हवा. गाळप हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात माळशेज आणि भीमाशंकरकडे धुके उतरते. अशा वेळी काळी काच धोक्याची. काच पारदर्शकच घ्यावी, ओरखडे पडले की बदलावी, आणि धुक्यात ती किंचित उघडता येते का हे घेतानाच पाहावे.

राहिले ते शेवटचे उत्तर, इथेच तर जायचे आहे. वाडीपासून डेअरी दोन किलोमीटर असेल. पण डोके दीड मीटरवरूनच पडते, त्याला प्रवास किती लांबचा होता हे कळत नाही. उलट अंतराचा हिशेब अपघातानंतर सुरू होतो. मेंदूवर शस्त्रक्रियेची गरज पडली, तर रुग्णाला अनेकदा पुण्याला हलवावे लागते. नारायणगावपासून ते अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे आणि वाटेत चाकणची वाहतूक कोंडी. आतल्या रक्तस्रावात एकेक तास मोलाचा असतो. शहरापासून दूर राहणाऱ्याला हेल्मेटची गरज शहरवासीयापेक्षा कमी नाही, जास्तच आहे.

मागे बसणाऱ्याचे डोके वेगळे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. ते मोडल्यास कलम १९४ ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठीही २०२२ मधील नियमाने त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली आहे. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे हे संरक्षण नव्हे. ते डोळ्यांवर घसरते आणि अपघातात निसटते.

हेल्मेटला आयुष्य असते. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो पुन्हा फुगत नाही. असे हेल्मेट बदलावेच. एरवीही साधारण पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला उत्पादक देतात. पेट्रोल, थिनर आणि रंग यांपासून ते दूर ठेवावे. धुण्यास साधा साबण पुरे. आणि अपघातग्रस्ताच्या डोक्यातून हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये, मानेला इजा असू शकते. काच उघडून श्वास मोकळा करावा, मान स्थिर धरावी आणि १०८ ला फोन करावा.

या दोन तालुक्यांत बिबट्याची सावधगिरी लोकांनी स्वतःहून अंगी बाणवली आहे. रात्री उसाला पाणी द्यायला जाताना बॅटरी घ्यावी, सोबत न्यावी, मोठ्याने बोलत जावे, यासाठी कोणी दंड लावत नाही. धोका खरा आहे, हे पटले की माणूस काळजी घेतो. रस्त्याचा धोकाही तितकाच खरा आहे. तो रोजचा असल्यामुळे दिसेनासा झाला आहे एवढेच. तो दाखवून देण्याचे काम फक्त पोलिसांच्या पावतीपुस्तकावर सोडून भागणार नाही. दूध संस्था, साखर कारखाने आणि महाविद्यालये यांनी सभासदांसाठी व विद्यार्थ्यांसाठी चांगली हेल्मेट एकत्रित खरेदी केली तर किंमतही उतरेल. दुकानदारांनी काउंटरवर मोजायची टेप आणि आरसा ठेवावा. गाडी घेताना शोरूममधून मिळणारे हेल्मेट घरातल्या कोणाच्या डोक्याला बसते, हे ताबा घेतानाच पाहावे आणि बसत नसेल तर बदलून मागावे. लाखभर रुपये मोजून गाडी घेणाऱ्या घराला आणखी हजार-दीड हजार रुपये आणि पंधरा मिनिटांचा वेळ परवडतो.