लिपस्टिक पाम हवाय? आधी नळाचं पाणी बघा!

मनी प्लँट झाला, बोगनवेल झाली, कुंडीतला अरेका पाम तर प्रत्येक ऑफिसच्या रिसेप्शनवर उभा असतोच. मग नव्या फ्लॅटच्या टेरेसवर काहीतरी हटके हवं असं वाटायला लागतं, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी मोबाइलवर एक फोटो दाखवतं. बांबूसारखी सरळ, सडपातळ खोडं, आणि त्यांचा वरचा भाग, पानांचे देठ, सगळं लालभडक. कुणीतरी ऑइलपेंट मारून गेलंय असं वाटावं इतकं लाल. हाच तो लिपस्टिक पाम. बघितला की हवाच असतो!

त्याचं जुनं इंग्रजी नाव सीलिंग वॅक्स पाम. पूर्वी पार्सलवर लाख वितळवून मोहोर उठवायचे, त्या लाखेचा हा रंग. शास्त्रीय नाव सिर्टोस्टॅकिस रेंडा. मलय भाषेत त्याला ‘पिनांग राजा’ म्हणतात, म्हणजे सुपारीतला राजा. सिंगापूरला जाऊन आला असाल तर तो तुम्ही नक्की पाहिलाय. २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या तिथल्या बोटॅनिक गार्डनच्या बोधचिन्हावरही हाच पाम आहे. तिथे तो रस्त्याकडेला दिसतो, आणि आपल्याकडे मात्र दहा नर्सऱ्या पालथ्या घातल्या तरी हाती लागत नाही. असं का?

उत्तर त्याच्या माहेरी आहे. थायलंडचा दक्षिण भाग, मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ इथल्या दलदलीच्या जंगलांत हा वाढतो. जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा काळा, आंबट थर, आणि मुळं कायम पाण्यात. बारा महिने उकाडा, बारा महिने दमट हवा. (याच दलदलींचं पाणी उपसून तिथे तेलाच्या पामची लागवड झाली. आपल्या कँटीनमधले वेफर्स ज्या तेलात तळले जातात, त्यातलं बरंच तिकडूनच येतं. एका पामने दुसऱ्याची जागा खाल्ली, असा हा मामला!)

तेव्हा नर्सरी शोधण्याआधी स्वतःचा पत्ता बघा. पारा १० अंशांच्या आसपास आला की हा पाम आजारी पडतो. म्हणजे मुंबई, ठाणे, कोकण, गोवा असेल तर बिनधास्त. पुणे, नाशिक, नागपूरवाल्यांनी मात्र डिसेंबर-जानेवारीत कुंडी घरात ओढायची तयारी ठेवायची, आणि घरात म्हणजे एसीच्या झोतात नव्हे. दुसरा प्रश्न पाण्याचा. माझ्या ओळखीचे एक नर्सरीवाले काका गिऱ्हाइकाला किंमत सांगायच्या आधीच विचारतात, “ताई, सोसायटीत टँकर येतो का?” आधी हसू येतं, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पानांची टोकं करपतात. आणि दोन दिवस पाणी नाही मिळालं तर हा पठ्ठ्या आपल्या मनी प्लँटसारखा समजून घेत नाही.

मग कुंडीखाली पाण्याचं ताट ठेवायचं? झाडाला आवडेल, पण डेंग्यूच्या डासालाही तेच आवडतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात त्याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. ताट ठेवायचंच असेल तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून घ्या. त्याहून भारी आयडिया म्हणजे मोठ्या टबात कुंडी ठेवायची आणि टबात गप्पी मासे सोडायचे. मासे अळ्या खातात, पाम खूश आणि सोसायटीचे सेक्रेटरीही खूश.

आता खरेदी. इथे जरा सावध. लहानपणी या पामची दांडी हिरवट-तपकिरी असते, लाली वयाबरोबर चढते. त्यामुळे हातभर उंचीच्या हिरव्या रोपावर ‘लिपस्टिक’ची चिठ्ठी लावून साधा अरेका खपवणं अगदी सोपं. माझं मत स्पष्ट आहे: निदान एक खोड लाल झालेलं असेल तरच पैसे मोजा. महाग पडेल, अरेकाच्या कित्येक पट पडेल, पण बी रुजायलाच महिनोन् महिने लागतात आणि पुढची वाढही गोगलगायीची, त्या वेळेचेच हे पैसे. दुसरी गोष्ट, रोप मोठ्या बेटातून नुकतं फोडलेलं नाही ना, हे विचारा. मुळं नसलेला फुटवा पंधरा दिवस टवटवीत दिसतो आणि मग मान टाकतो. कुंडीत आल्यावर नवं पान फुटलेलं असेल तर काळजी नाही.

स्थानिक नर्सरीत नसेल तर त्यांनाच मागवायला सांगा. आंध्रात राजमहेंद्रीजवळचं कडियम आणि केरळात त्रिशूरजवळचं मन्नुथी ही रोपांची मोठी आगरं आहेत, आपल्याकडचा बराच माल तिथूनच ट्रकने येतो.

आणि प्लीज, सिंगापूर-बँकॉक ट्रिपवरून सुटकेसमध्ये रोप किंवा बी लपवून आणायचा ‘फंडा’ नको. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. हा नुसता सरकारी कागदी घोडा नाही. परदेशी रुगोज पांढरी माशी २०१६ मध्ये तामिळनाडू-केरळात नारळावर सापडली आणि पुढे कोकणातल्या माडांपर्यंत पोचली. तुमच्या टेरेसवरच्या एका हौशी कुंडीची किंमत आजोळच्या वाडीने मोजावी, हे काही बरं नाही.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये हिवाळ्यात झाडाफुलांची प्रदर्शनं भरतात. तिथे जा, वेगवेगळे पाम बघा, नर्सरीवाल्यांशी गप्पा मारा, नंबर घ्या. पण लिपस्टिक पाम तेव्हा घरी आणू नका. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आणा, म्हणजे थंडी पडायच्या आधी मुळं धरायला त्याला चार-पाच महिने मिळतील.