शैलजाबाईंनी कोणाला हरविले?

24 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताचा 27–24 असा पराभव केला. विजयी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आधी स्वतः खेळाडू, मग अनेक वर्षे नाशिकच्या मुलींना घडविणाऱ्या शिक्षिका आणि निवृत्तीनंतर इराणच्या गुरू, असा त्यांचा प्रवास. ‘आपल्याच बाईंनी आपल्याला हरविले,’ असा सूर तेव्हा निघाला होता. तो आम्हांस मुळीच मान्य नाही.

चढाईवर आलेल्या गड्याचा घोटा केव्हा धरावा, साखळी कोणत्या क्षणी आवळावी, दम कोठवर ताणावा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. शैलजाबाईंना फारसी येत नव्हती, मुलींना मराठी. बाईंनी फारसी शिकून घेतली आणि मुलींना प्राणायाम शिकविला. ह्यात द्रोह कोठे आला? सीमाभागातल्या आम्हां मंडळींना तरी हे उमगावयास जड जाऊ नये. आमच्या मैदानांवर एका कडेने मराठीत, दुसऱ्या कडेने कानडीत आरोळ्या उठतात. पकड मात्र दोन भाषांत होत नाही!

शिवाय कबड्डी जगभर जावी अशी इच्छा आपणच धरून आहोत. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचे प्रात्यक्षिक दाखविले, ते उगाच नव्हे. पण नेहमी एकच देश जिंकत राहिला, तर तो खेळ दुसरे कोण आवडीने खेळेल? आशियाई स्पर्धेत 2010 व 2014 ची महिलांची सुवर्णपदके भारताचीच होती. जाकार्तात ते गेले. 2023 मध्ये हांगचौ येथे आपल्या मुलींनी ते चिनी तैपेईकडून 26–25 असे, अवघ्या एका गुणाने, खेचून आणले. त्या एका गुणाचे मोल आम्हांस आधीच्या दोन्ही विजयांहून अधिक वाटते.

रागवावयाचेच असेल, तर अनुभवी प्रशिक्षकांना निवृत्त होताच विसरणाऱ्या आपल्या सवयीवर रागवावे. आणि ज्या गावांत मुलग्यांचा खेळ आटोपून अंधार पडू लागल्यावरच मुलींना मैदान मिळते, तेथील वडीलधाऱ्यांनाही आम्ही विचारतो : ती वेळ अलीकडे आणता येणार नाही काय?