बंडाला बापाचा होकार मिळतो तेव्हा

प्रतिसंस्कृतीच्या ओहोटीवरील चित्रपट समोर आला, की सिद्धांतनिष्ठ समीक्षा दोनपैकी एक शिक्का उचलते: 'स्मरणरंजन' किंवा 'व्यवस्थेने पचवलेले बंड'. येन्स लीन यांच्या 'सन्स ऑफ नॉर्वे' (2011) या नॉर्वेजियन चित्रपटाला हे दोन्ही शिक्के अपुरे पडतात, असे माझे प्रतिपादन आहे.

काळ 1970च्या दशकाच्या अखेरीचा. स्थळ ऑस्लोजवळचे रिक्किन हे नियोजित उपनगर. वास्तुरचनाकार माग्नुस हिप्पी आदर्शांवर निष्ठा ठेवून जगतो. पत्नी लोने अपघातात मरण पावते, आणि किशोरवयीन निकोलाय सेक्स पिस्टल्सच्या पंक संगीतात शिरतो. बाप त्याला अडवीत नाही. उलट त्या बंडात स्वतःच सामील होतो. विनोद येथून निर्माण होतो, आणि शोकांतही येथूनच.

या ठिकाणी मार्कूझ हाताशी येणे स्वाभाविक आहे. 1965च्या निबंधात त्याने 'दमनकारी सहिष्णुते'ची मीमांसा केली: विरोधाला मोकळीक देऊन प्रस्थापित व्यवस्था त्याची धार काढून घेते. परंतु ती संकल्पना सत्तेच्या सहिष्णुतेविषयी आहे. माग्नुसपाशी कोणती सत्ता आहे? त्याचा होकार हा डावपेच नव्हे. शोकाने मोडलेल्या माणसापाशी दुसरा शब्दच उरलेला नाही. बापाचा अधिकार नाकारण्याचा ध्यास घेतलेल्या पिढीने मुलाला टेकायला भिंतही ठेवली नाही, हे खरे आशयसूत्र. त्याला विचारसरणीचे रूपक ठरवताच आईचा मृत्यू केवळ कथानकाची सोय होऊन बसतो.

आक्षेपक म्हणतील, जॉन लायडन स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर अवतरतो, तेथे बंडाचे प्रदर्शनीय वस्तूत रूपांतर झालेच की! मान्य. पण एका पाहुण्या भूमिकेवरून संपूर्ण संहितेचा अन्वयार्थ लावणे म्हणजे शेपटीवरून हत्ती ओळखणे होय.

पटकथाकार निकोलाय फ्रोबेनियस यांच्या ज्या कादंबरीवर (2004) हा चित्रपट बेतला आहे, तिच्या शीर्षकाचा अर्थ 'सिद्धांत आणि व्यवहार' असा होतो. चित्रपटाने ते सोडून एका जुन्या देशभक्तिपर गीताचे नाव धारण केले. सोडून दिलेले शीर्षक मात्र आपल्या समीक्षाव्यवहाराला नेमके लागू पडते. माग्नुसपाशी सिद्धांत मुबलक होता; मुलाला हवा होता तो एक ठाम नकार. संकल्पना आधी आणि कलाकृती मागाहून, असा क्रम लावणारी समीक्षाही त्या बापासारखीच वागते: प्रत्येक संहितेला ती आनंदाने होकार देते, आणि तिचे ऐकून घेणे तेवढे राहून जाते.