मोटार कंपन्यांच्या अहवालात आमचा रकाना कुठे आहे?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची निघून गेली. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरून तिला निरोप दिला. ती ज्यांच्या हातांनी बनली, त्या कामगारांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या निरोपसमारंभात कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावर 'प्रीमियर' म्हटले की आजही जुन्या लोकांना जागा कळते. याच कंपनीने डोंबिवलीजवळच्या कारखान्यात १९९४ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत '३०९' ही मोटार काढली. खाउजा धोरण तेव्हा नवे होते. विदेशी भांडवल आले की घरोघरी भाकरी येईल, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात कामगारांशी संघर्ष आणि भागीदारांतील बेबनाव यांत १९९७ साली प्यूजोने अंग काढून घेतले. गाडीसाठी आगाऊ पैसे भरलेले ग्राहक परताव्यासाठी हेलपाटे घालत राहिले आणि कामगार घरी बसले. आज त्या परिसरात टोलेजंग इमारती उभ्या आहेत. जमिनीला भाव आला, कामगाराला आला नाही.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, आज याच मोटार उद्योगात 'ईएसजी' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन कसोट्यांवर कंपनीला गुण द्यायचे आणि ते पाहून गुंतवणूकदारांनी पैसा लावायचा, अशी ही पद्धत आहे. कल्पना वाईट नाही. पण गुण देणारे कोण आणि मोजणार काय, हा खरा प्रश्न आहे.

फोक्सवॅगनचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये या कंपनीला एका जागतिक शाश्वतता निर्देशांकाने मोटार उद्योगात अग्रमान दिला. त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धुराची चाचणी फसवणारी प्रणाली बसवल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. आपल्या चाकणलाही या कंपनीचा कारखाना आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये तिला ५०० कोटींचा दंड ठोठावला, पण मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. पहिला क्रमांक कागदावर होता, धूर लोकांच्या फुफ्फुसात गेला.

आपल्याकडे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल बंधनकारक केला. त्यात कामगारांची मोजणी आहे. पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती, कायम किती, कायम नसलेले किती. हे सर्व योग्यच आहे. मात्र अनुसूचित जाती-जमातींचे किती, हा रकानाच त्या तक्त्यात नाही! वंचित घटकांकडून मालखरेदीला प्राधान्य देता काय, असा एक प्रश्न आहे, पण तोही ऐच्छिक भागात.

हा रकाना का हवा, हे आंबेडकरी वाचकाला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याने इतरांना विटाळ होई. जास्त पगाराचे खाते सवर्णांचे आणि कमी पगाराचे आमचे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गिरणीत किती कामगार आहेत एवढे मोजून भागले नसते, कोणत्या खात्यात कोण आहे हे पाहावे लागले. आजचे 'कायम' आणि 'कंत्राटी' हेही दोन खातीच आहेत. सफाईला कोण, रंगकामाला कोण आणि वातानुकूलित खोलीत कोण, हे कंपन्यांनी एकदा जाहीर करावे.

दुसरी पळवाट पुरवठा साखळीची. मोटार एका कारखान्यात बनत नाही. तिचे हजारो सुटे भाग लहानमोठ्या पुरवठादारांकडून येतात आणि आमची पोरे बहुतांशी तेथेच कंत्राटावर राबतात. पुरवठादारांची माहिती देण्याचे बंधन सेबीने आधी आणले, नंतर २०२५ मध्ये ते ऐच्छिक करून टाकले. लहान कारखान्यात काय घडते, हे डोंबिवलीकरांना विचारा. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी एमआयडीसीत झालेले स्फोट मोटार कंपन्यांतले नव्हते, रासायनिक कारखान्यांतले होते. पण जेथे कोणी मोजायला जात नाही तेथेच माणसे मरतात, हा धडा सर्व उद्योगांना सारखाच आहे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांना तर अहवालाचे बंधनच नाही. तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद करणारी जनरल मोटर्सची भारतीय कंपनी अशीच होती.

मग कामगाराने जायचे कुठे? कुर्ल्याच्या प्रीमियर कामगारांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले की, औद्योगिक विवाद कायद्याने दिलेल्या हक्कासाठी त्याच कायद्याखाली दाद मागावी, दिवाणी न्यायालयात नव्हे. वकिलीच्या पहिल्या धड्यात आम्ही हे शिकलो. आज तो कायदाच उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला लागत होती, आता ती मर्यादा ३०० वर गेली. म्हणजे सुटे भाग बनवणारे असंख्य कारखाने या बंधनातून सुटले.

२००६ साली खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी पुढे आली, तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ऐच्छिक उपायांचा मार्ग धरला. ऐच्छिक म्हणजे काय, हे आपण दोन दशके पाहिले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बीआरएसआरमध्ये अनुसूचित जाती-जमातींचा रकाना सक्तीचा करा. तो कायम आणि कंत्राटी, दोन्ही कामगारांसाठी वेगळा असावा. पुरवठादारांची माहिती पुन्हा बंधनकारक करा. चळवळीतील कामगार संघटनांनी आणि वकील मित्रांनी हे अहवाल वाचायला शिकले पाहिजे. ते कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सर्वांना खुले आहेत. कार्बन ग्रॅमवर मोजणाऱ्यांना माणसे मोजणे अवघड नाही. त्यांना ती मोजायची नाहीत, आणि ती मोजायला लावणे हे आपले काम आहे.